‘काय नाही’ऐवजी ‘काय आहे’ विचारणारे कर्मवीर : भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था कशी उभी केली?

एखादी संस्था सुधारायची म्हटले की पहिल्या बैठकीत त्रुटींची यादी तयार होते. निधी नाही, माणसे नाहीत, इमारत गळते, कर्मचारी ऐकत नाहीत. यादी लांबत जाते आणि बैठक संपते तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच भावना उरते, की इथे काही होणार नाही. व्यवस्थापनशास्त्रातील एक पद्धत याच्या उलट टोकाने सुरुवात करते. तिला ‘अ‍ॅप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी’ म्हणतात. मराठीत ‘गुणग्राही शोध’ म्हणता येईल. या पद्धतीला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी सातारा आणि सांगली परिसरात एका माणसाने तिच्याशी जुळणाऱ्या वाटेने शेकडो शाळा उभ्या केल्या. ते होते कर्मवीर भाऊराव पाटील.

गुणग्राही शोध म्हणजे काय?

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे. १९८० च्या सुमारास तेथील डेव्हिड कूपररायडर हे संशोधक विद्यार्थी एका मोठ्या रुग्णालयाच्या कारभाराचा अभ्यास करत होते. काम कुठे अडते हे शोधण्याऐवजी काम उत्तम कधी झाले, तेव्हा नेमके काय जुळून आले होते, याकडे त्यांनी लक्ष वळवले. त्यांचे मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव यांच्यासोबत १९८७ मध्ये त्यांनी या विचाराची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे कंपन्या, रुग्णालये, शाळा आणि सामाजिक संस्थांमध्ये ही पद्धत वापरली जाऊ लागली.

तिचे चार टप्पे सांगितले जातात. पहिला टप्पा शोधाचा : आपल्याकडे आज काय चांगले चालले आहे? दुसरा स्वप्नाचा : हेच सगळीकडे झाले तर चित्र कसे दिसेल? तिसरा आखणीचा : त्यासाठी नियम, जबाबदाऱ्या आणि रचना कशी हवी? चौथा पूर्तीचा : ते टिकवायचे आणि वाढवायचे कसे? मुळाशी साधी समजूत आहे. माणसे ज्या प्रश्नाचा पाठपुरावा करतात, त्या दिशेने संस्था सरकते. सतत उणिवा विचारल्या तर उणिवाच ठळक होतात.

भाऊरावांनी हे शब्द कधी ऐकले नव्हते. त्यांचे निधन १९५९ मधले. पण हे चार टप्पे समोर ठेवून त्यांचे आयुष्य पाहिले, तर रयत शिक्षण संस्था कशी वाढली याचा उलगडा होतो.

भाऊराव घडले कसे?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. मुलगा अभ्यासापेक्षा कुस्ती आणि हुंदडण्यात रमणारा. इंग्रजी सहावीच्या आसपास त्याचे शिक्षण थांबले. पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही नव्हता.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन वसतिगृहात राहिले. ते दिवस राजर्षी शाहू महाराजांचे होते. महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे सुरू करून दिली होती. खेड्यातला मुलगा शहरात दोन वेळ जेवला आणि त्याला झोपायला जागा मिळाली, तर तो शिकतो, हे कोल्हापुरात डोळ्यांसमोर सिद्ध होत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. तेथील अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे.

काही वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसामुळे वसतिगृह सुटले, त्याच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यासाठी तुरुंग आणि छळ सोसला. एका चुकीवरून माणूस निकालात काढायचा नाही, हा त्यांचा स्वभाव इथेच दिसतो.

नांगर विकताना काय हाती लागले?

सुरुवातीला साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या केल्या. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगले काच कारखान्यासाठी आणि नंतर किर्लोस्करांसाठी ते विक्रीचे काम करू लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला होता. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तिथला लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी भीती तेव्हा होती.

नांगराच्या निमित्ताने भाऊराव गावोगाव फिरले. कुठल्या गावात कोण शब्दाचा पक्का आहे, कुठे पाणी आहे, कुठे पडीक जमीन आहे, कुठल्या पाटलाचे गाव ऐकते, कुठला पोरगा हुशार असूनही गुरे राखतो, हे त्यांना पाठ झाले. सरकारी अहवालात हीच गावे निरक्षर आणि मागास म्हणून नोंदलेली होती. भाऊरावांना त्याच गावांत धान्य, श्रम, जमीन आणि माणसांची दानत दिसली. गुणग्राही शोधाचा पहिला टप्पा त्यांनी नांगराची विक्री करताकरताच पार केला होता.

त्यांची नजर माणसांबाबतही अशीच होती. ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य समाजातला मुलगा शाळेत वर्गाबाहेर बसून शिकत होता. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले.

दूधगाव, काले, नेर्ले : प्रयोग कसा सुरू झाला?

आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दूधगावात १९१० मध्ये भाऊरावांनी काही मित्रांसोबत विद्यार्थी आश्रम सुरू केला. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला. वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. आज काले सातारा जिल्ह्यात आणि नेर्ले सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले.

इथे दुसरा टप्पा, स्वप्नाचा, स्पष्ट होतो. कोल्हापुरात वसतिगृहाची कल्पना यशस्वी झाली होती. ती भाऊरावांनी जशीच्या तशी उचलली. फक्त तिच्यात एक मोठा बदल केला. कोल्हापुरातील बहुतेक वसतिगृहे समाजनिहाय होती. भाऊरावांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच छप्पर आणि एकच पंगत ठेवली. जे चालते आहे ते ओळखायचे आणि त्याला एक पायरी वर न्यायचे, ही त्यांची रीत होती.

साताऱ्याचे वसतिगृह वेगळे का ठरले?

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि मोजक्या मुलांना घेऊन वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरण्यावरून गावे पेटत, त्या काळात मराठा, महार, मांग, मुस्लिम, जैन मुले इथे एकत्र दळत, रांधत आणि जेवत होती.

वसतिगृह चालवायला पगारी नोकर परवडणारे नव्हते. भाऊरावांनी या अडचणीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. शेतकऱ्याच्या मुलाकडे पैसे नसतात, पण त्याला नांगर धरता येतो, लाकूड फोडता येते, दळण करता येते. मग हेच त्याचे शुल्क. मुलांनी शेती केली, स्वयंपाक केला, झाडलोट केली, बांधकामाला हात लावला. कामे वाटून घेण्याची जबाबदारीही मुलांवरच होती. ‘कमवा आणि शिका’ या नावाने पुढे देशभर पोहोचलेल्या योजनेचे मूळ इथे आहे. गरीब मुलगा दानावर शिकला तर त्याची मान खाली राहते. कष्टावर शिकला तर ती ताठ राहते, हा त्यामागचा हिशेब होता.

मुष्टिफंड काय होता?

वसतिगृहाच्या धान्यासाठी संस्थेने मुष्टिफंडाचा मार्ग धरला. घरातील बाईने दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि साठलेले धान्य मुलांसाठी द्यायचे. गाव गरीब आहे म्हणून वर्गणी मिळणार नाही, असे म्हणता आले असते. भाऊरावांनी उलट विचार केला. कितीही गरीब घर असले तरी एक मूठ देऊ शकते, आणि मूठ देणारे घर त्या शाळेला आपली मानते. संस्थेला धान्य मिळाले, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे हजारो घरे तिच्याशी जोडली गेली.

या कामातील सर्वात मोठा वाटा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा होता. मुले भाऊरावांना अण्णा आणि लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या वहिनींनी सगळ्या जातींच्या मुलांना जेवू घातले. अण्णा निधीसाठी फिरतीवर असताना कोठी रिकामी झाली, की दागिना बाजारात जाई. असे करता करता अंगावरचे सोने संपले आणि एक दिवस मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेची भरभराट त्यांना पाहता आली नाही. रयतची कथा सांगताना हा हिशेब सोडून चालत नाही. समाजातले चांगले शोधून त्यावर उभे राहणाऱ्या कामाचा भार बहुतेकदा घरातल्या बाईच्या वाट्याला आला.

एका वसतिगृहाच्या शेकडो शाळा कशा झाल्या?

तिसरा टप्पा आखणीचा. पुणे करारातील ऐक्याच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे अध्यापक विद्यालय सुरू झाले. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. गावोगाव शाळा काढण्याआधी शिक्षक तयार करण्याची सोय झाली.

१९३७ नंतर प्रांतिक सरकारने खासगी प्रयत्नांतून निघणाऱ्या प्राथमिक शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण घेतले. भाऊरावांनी ही संधी पकडली. आपल्याच अध्यापक विद्यालयातील तरुणांना शाळा नसलेल्या गावांत धाडले. इमारतीसाठी थांबायचे नाही असे ठरले. गावात देऊळ असते, चावडी असते, धर्मशाळा असते. तिथे फळा टांगला की शाळा सुरू. जागा गावाची, शिधा गावाचा, शिक्षक संस्थेचा. ‘व्हॉलंटरी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अशा पाचशेहून अधिक शाळा डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर निघाल्या. पुढे त्या लोकल बोर्डाच्या ताब्यात गेल्या.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रमाच्या बदल्यात मोफत शिक्षण आणि निवास ही योजना आता माध्यमिक शिक्षणापर्यंत पोहोचली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. मुलांसाठी सुरू झालेली संस्था मुलींच्या शिक्षणाकडे आणि शिक्षिका घडवण्याकडेही वळली.

माणसांची रचना हा या आखणीचा कणा होता. वसतिगृहात वाढलेली हुशार मुले उच्च शिक्षण घेऊन परत संस्थेतच आली. मोठ्या पगाराच्या वाटा सोडून त्यांनी आजीव सेवक म्हणून काम केले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यातले ठळक नाव. ज्यांना संस्थेने घडवले, त्यांच्याच हाती संस्था गेली. त्यामुळे संस्थापक गेल्यावर ती थांबली नाही.

अनुदान बंद झाले तेव्हा काय झाले?

या पद्धतीची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच काळात त्यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे सरकारशी बिनसले आणि बाळासाहेब खेर यांच्या सरकारने रयतचे अनुदान थांबवले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण टांगणीला लागले.

भाऊराव थेट रयतेकडे गेले. गावांनी वर्गणी आणि धान्य दिले, शिक्षकांनी तुटपुंज्या पगारावर काम रेटले, विद्यार्थ्यांनी श्रम वाढवले. गाडगे महाराजांनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि यथावकाश अनुदान पुन्हा सुरू झाले. वीस-पंचवीस वर्षे मूठ मूठ धान्य देणारी घरे नसती, तर संस्था त्या काळात तगली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बाहेरचा पैसा आटला तेव्हा लोकांशी असलेले नाते कामी आले.

मग दोषांकडे डोळेझाक करायची का?

गुणग्राही शोधावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. चांगले तेवढे बघा, असे म्हणताना अन्यायावर पांघरूण पडते. कर्मचाऱ्यांचे पगार थकले असताना यशाच्या गोष्टी सांगा म्हणणे ही चेष्टा होते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर भाऊरावांच्या चरित्रात सापडते.

लहानपणी अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी मोडून टाकल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. विक्रीचे काम सोडून ते साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात गेले, तिथेही पुढे मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. सरकारशीही त्यांनी वाद घातला. अन्याय दिसला की ते त्याला अन्यायच म्हणत. मात्र संस्था उभी करताना पाया उणिवांवर घालता येत नाही, तो असलेल्या बळावरच घालावा लागतो, एवढे त्यांना पक्के कळले होते. रहाट मोडण्याने निषेध झाला. एकत्र पंगतीने पर्याय उभा राहिला. दोन्हींची गरज होती.

दुसरी मर्यादाही नोंदवायला हवी. गावाकडे श्रम आणि धान्य आहे म्हणून शिक्षणाचा खर्च गावानेच उचलावा, असा अर्थ काढला तर सरकार आपल्या जबाबदारीतून मोकळे होते. भाऊरावांनी लोकवर्गणी घेतली, पण अनुदानावरचा हक्क सोडला नाही. अनुदान बंद झाल्यावर ते परत मिळवण्यासाठी झगडलेही.

आज यातून काय घेता येईल?

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखांत चार लाखांहून अधिक विद्यार्थी शिकतात. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे.

सातारा-सांगलीत आज पटसंख्या घटलेल्या शाळा आहेत, अडचणीतल्या सहकारी संस्था आहेत, माणसे टिकत नाहीत म्हणणारे छोटे कारखाने आहेत. अशा ठिकाणी पहिल्या बैठकीत काही प्रश्न वेगळे विचारता येतात. गेल्या पाच वर्षांत आपले कोणते काम सगळ्यात चांगले झाले? तेव्हा कोण पुढे होते आणि काय जुळून आले होते? आपल्या भोवतीच्या लोकांकडे असे काय आहे, जे आपण कधी मागितलेच नाही? उत्तरे आली की त्यावर स्वप्न, मग नियम आणि जबाबदाऱ्या, आणि शेवटी ते पुढे नेणारी माणसे.

त्रुटींची यादीही करावी लागतेच, पण ती दुसऱ्या बैठकीत. काले गावात १९१९ मध्ये अशी यादी आधी केली असती, तर इमारत नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, सरकारची साथ नाही, असे बरेच काही लिहावे लागले असते. त्या गावाकडे तेव्हा धान्य होते, कष्ट करणारे हात होते आणि शिकू पाहणारी मुले होती. संस्थेची सुरुवात त्यावर झाली.